बांध सरकवला, पाणी नाही घातलं

आमच्या भागातल्या कुठल्याही शाळेत जा, पाचवी-सहावीच्या वर्गात कागद वाटा आणि म्हणा, "निसर्गचित्र काढा." तास संपायच्या आत टेबलावर एकाच चित्राचा गठ्ठा जमा होईल. दोन टोकदार डोंगर, त्यांच्या खाचेतून वर येणारा सूर्य, डोंगरातून निघून खाली रुंद होत गेलेली निळीशार नदी, काठावर उतरत्या कौलांची झोपडी आणि झोपडीवर कललेलं नारळाचं झाड. आकाशात दोन-दोन रेघांचे पक्षी.

मी अंबाजोगाईजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. हे चित्र इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून काढता येईल. आणि दरवेळी तितकंच वाईट वाटतं, कारण त्यातली एकही गोष्ट त्या मुलांच्या दारात नसते. आमच्याकडे नारळ दिसतो तो एखाद्या बंगल्याच्या अंगणात, हौसेनं लावलेला. घरं माळवदाची (म्हणजे मातीच्या सपाट छताची), पत्र्याची, नाहीतर स्लॅबची. कौलारू घर शोधावं लागतं. नदी निळी दिसते ती पावसाळा संपल्यावर थोडे दिवस. एरवी गढूळ किंवा कोरडी.

आणि डोंगर? बालाघाटाला टोकं नाहीत. त्याचे माथे सपाट आहेत आणि तो पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरले, निवले. पुढे ऊन-पावसानं त्यातले मऊ थर झिजत गेले आणि कठीण थर पायरीसारखे पुढे आलेले राहिले. मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरताना समोरच्या कड्याकडे पाहिलं की हे सगळं उघड दिसतं: काळपट कडा, त्याखाली वाळक्या गवताचा उतार, परत कडा, परत उतार. त्रिकोणी डोंगर काढणारी मुलं याच कड्यांच्या अंगाखांद्यावर शेळ्या राखतात.

या मुलांना कल्पनाशक्ती नाही, असं माझ्यासोबतचे काही शिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. मुलांनी पाहिलेलं कॅलेंडर, चित्रकलेच्या वहीचं मुखपृष्ठ, मोबाइलचा वॉलपेपर, सगळीकडे निसर्ग म्हणजे दुसरीकडचा निसर्ग. कोकणातला, काश्मीरमधला, नाहीतर परदेशातला. आपलं गाव चित्रात बसतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. मग ती बिचारी दुसऱ्याचा निसर्ग उतरवतात. त्याला आपण कल्पनाचित्र म्हणतो, पण त्यात कल्पना मुलांची नसते, कॅलेंडर छापणाऱ्याची असते.

मोठ्यांचंही वेगळं नाही. "इथं काय आहे काढण्यासारखं?" हा प्रश्न मला इतके लोक विचारतात! रंगपेटी घेऊन निघाले की म्हणतात, महाबळेश्वरला जा, कोकणात जा. मला वाटतं, जिथं दृश्य आयतं असतं तिथं चित्रकाराला फार काही रचावं लागत नाही. धबधबा, दरी, समुद्र, देवळाचा घाट, हे सगळं आधीच चित्रासारखं मांडलेलं असतं. आमच्याकडे मांडून ठेवलेलं काही नाही. अर्धा कागद जमीन, अर्धा कागद आभाळ, मध्ये एक रेघ. त्या रेघेचं काय करायचं हे ज्याला सुचलं, त्यालाच इथं चित्र सापडतं. म्हणून कल्पनेची खरी कसोटी रोजच्या, पाहून पाहून दिसेनाशा झालेल्या जागेवर लागते, असं मी मानते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान आपल्याच गावातल्या कोटितीर्थाची चित्रं पुन्हा पुन्हा करत राहिले. त्या एका तळ्यात त्यांना पुरेसं दिसत होतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते. लोखंडी सावरगावच्या पुढे रस्त्याला लागून एक शेत आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथं पुढच्या पट्ट्यात करडई फुललेली असते, पिवळी, आणि जुनी झालेली फुलं केशरी-लालसर. मागं कणसात आलेली ज्वारी. त्यामागं बांध, बांधावर दोन बाभळी, एक जवळ आणि एक पार कडेला. सिमेंटच्या कड्यांची विहीर, तिच्यातून वर आलेला निळा पाइप, विजेचा खांब, चार तारा. लांबवर डोंगराची पट्टी, इतकी बारीक की उन्हं वर आली की धुरळ्यात विरून जाते. मी पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. त्या वेळी सावल्या आखूड, रंग फिके, सगळं एका पातळीवर आलेलं. फोटो काढला असता तर करडईच्या पट्ट्यापलीकडे त्यात पाहण्यासारखं काही उरलं नसतं.

मी आधी क्षितिजाची रेघ वर नेली, कागदाच्या वरच्या चौथ्या हिश्श्यात. आभाळ कमी केलं, कारण त्या दिवशी आभाळात काही नव्हतं आणि जमिनीत खूप होतं. डोंगराची पट्टी जाड केली. दिसत होती त्याच्या दुपटीनं. कडेची बाभूळ उचलून मध्याच्या थोडी डावीकडे आणली आणि जवळची गाळली. ऊन संध्याकाळचं केलं, म्हणजे बाभळीची सावली बांध ओलांडून करडईत शिरली आणि पिवळ्यात एक जांभळट वाट तयार झाली. खांब ठेवला. तारा दोनच घेतल्या. निळा पाइप मात्र आवर्जून ठेवला, कारण सगळ्या चित्रात निळा म्हणून तेवढाच होता आणि त्याच्यामुळे करडई अधिक पिवळी दिसत होती.

खांब, तारा, टॉवर, पत्र्याचं शेड, पाण्याच्या काळ्या टाक्या गाळून टाकायची आपल्याकडे रीत आहे. निसर्गचित्र शुद्ध हवं म्हणतात. मला ही रीत आवडत नाही. खांब नसलेलं शेत आता मराठवाड्यात कुठलं? तो गाळला की चित्र पन्नास-साठ वर्षं मागं जातं, आणि ते कशासाठी हे चित्रकाराला सांगता यायला हवं.

मातीबद्दल थोडं सांगायलाच हवं. काळ्या रानाला काळा रंग लावला की माती मरते. ट्यूबमधला काळा तर मी वर्गात आणूच देत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळले की एक जिवंत काळा मिळतो; त्यात निळा वाढवला की पहिल्या पावसानंतरची ओली, जांभळट माती, सिएना वाढवला की मे महिन्यातली भेगाळलेली. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आणि उन्हाळ्यात जलरंगाचं काम इथं फार अवघड. पारा चाळीसच्या वर गेला की एक हात मारून ब्रश परत पाण्यात बुडवेपर्यंत पहिला हात वाळलेला असतो आणि दोघांमध्ये कडक कड उमटते. पुस्तकातले ओल्यावर ओले, अलगद मिसळलेले रंग ओल्या हवेच्या देशातले आहेत. मी त्या कडक कडा तशाच ठेवायला लागले. आमच्या उन्हात सावलीला कड असतेच की! लिंबाच्या सावलीची रेघ जमिनीवर कशी कापल्यासारखी पडते ते पाहा.

तर ते चित्र होत आलं तेव्हा शेतमालक तात्या मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काय काढायलाव बाई?"

"तुमचंच रान, तात्या."

"आमचंच हाय म्हणता. पर ही बाभळ तर त्या शेजाऱ्याच्या बांधाला हाय. तुम्ही आमच्यात घेतलाव. बांध सरकवलाव की."

मी त्यांना समजावू लागले, की झाड मध्ये घेतलं म्हणजे नजर थांबते, सावलीला जागा मिळते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण बांध हा शब्द त्यांच्या तोंडी कसा येतो, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ तालुक्याच्या कोर्टात उभे राहतात, पिढी जाते. मी ब्रशच्या एका फटकाऱ्यात जे केलं, त्याची त्यांच्या जगात किंमत वेगळी आहे. त्या दिवसापासून मी झाड हलवते तेव्हा ते कुणाचं आहे, हा प्रश्न मनात येतोच. हलवायचं मी थांबवलेलं नाही. चित्राला जे लागतं ते लागतंच. पण आता ते मी जाणून करते.

आणि हलवलं तर बिघडलं काय? जगातलं बहुधा सगळ्यात ओळखीचं निसर्गचित्र घ्या. व्हॅन गॉगनं 'स्टारी नाइट' केलं ते जून 1889 मध्ये, सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना. त्याच्या खोलीच्या खिडकीतून पूर्वेकडचं आभाळ, डोंगर आणि भिंतीनं वेढलेलं गव्हाचं शेत दिसायचं. गाव दिसत नव्हतं. चित्रातलं ते उंच मनोऱ्याचं गाव त्यानं मनानं घातलंय. चित्र रंगवलं दिवसा, खालच्या खोलीत. आणि खिडकीला लोखंडी गज होते, ते त्यानं घेतले नाहीत. म्हणजे समोर होतं ते काढून टाकलं आणि नव्हतं ते आणलं, तरी ते आभाळ त्यानं त्याच खिडकीतून पाहिलेलं आहे, याबद्दल चित्र पाहणाऱ्याला शंका येत नाही. मला यातलं गजांचं फार वाटतं. गाव घालायला कल्पना लागली हे कुणालाही कळेल. रोज समोर असलेले गज चित्रात न घ्यायला किती लागली असेल!

त्याच्याही आधी, अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गेन्सबरो नावाचा चित्रकार टेबलावरच निसर्ग मांडायचा. दगडाचे तुकडे, वाळलेल्या वनस्पती, आरशाचे तुकडे. दगडाचा कडा व्हायचा, वाळक्या काटकीचं झाड, आरशाचं पाणी. ही हकीकत वाचल्यावर मी ती वर्गात करून पाहिली, आणि आता दरवर्षी करते. मुलांना घरून वस्तू आणायला सांगते. विकत काही आणायचं नाही. रस्त्याच्या कामावरची खडी, करडईचं वाळलेलं बोंड, तुराटीचे तुकडे, कडब्याची पानं, फुटक्या आरशाची काच (तिच्या कडांना मी आधी चिकटपट्टी लावून घेते) आणि शेतातलं एक मोठं ढेकूळ. खिडक्या लावून घ्यायच्या, वर्गात अंधार करायचा आणि एका बाजूनं बॅटरी धरायची.

त्या ढेकळाकडे बघत राहावं असं काही तरी त्या वेळी घडतं. उजेड आडवा पडला की त्याच्यावरच्या भेगा दऱ्या होतात. एका अंगाला नांगराच्या फाळानं घासून गुळगुळीत केलेली बाजू असते, ती सरळ कड्यासारखी उभी राहते. त्यात अडकलेलं गेल्या वर्षीच्या सोयाबीनचं एक मूळ, ते कड्यावरून लोंबणाऱ्या पारंबीसारखं. करडईच्या काटेरी बोंडांची रांग समोर लावली की बोरी-बाभळींचं माळरान तयार. मुलं खाली वाकून, टेबलाच्या पातळीला डोळे आणून बघतात. एक मुलगा एकदा म्हणाला, "मॅडम, हे तर आमच्या घाटातलं दिसायलंय." त्यानं त्या दिवशी काढलेल्या डोंगराला टोक नव्हतं. मी काही सांगितलं नव्हतं. ढेकळालाच टोक नव्हतं.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्र नावाचा भाग असतो. मुलं त्यासाठी बाजार, जत्रा, बसस्थानक असे विषय पाठ करून जातात, माणसांच्या ठरावीक आकृत्या घोटून घोटून. परीक्षेचं काही म्हणणं नाही, ती घ्यावी लागते आणि मुलांना तिचा पुढे उपयोगही होतो. पण स्मरण आधी साठायला तर हवं. स्मरणात काही नसेल तर कल्पना कशातून उचलणार? म्हणून मी मुलांना घराच्या गच्चीवरून नाहीतर माळवदावरून दिसणारं रोज एकदा नुसतं पाहायला सांगते. कागद न्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तोंडी सांगायचं: पत्र्यावर दगड किती ठेवले होते, शेजारच्या कडब्याच्या गंजीला कुठल्या बाजूनं उपसलंय, सूर्य टाकीच्या कुठल्या अंगाला बुडाला.

अजिंठ्याचं मला या संदर्भात नेहमी वाटतं. आपण तिथं राजकुमार आणि अप्सरा पाहतो. पण पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या मागं बघा: खडक आहेत, झाडी आहे, माकडं आहेत, मोर आहेत. आणि खडक कसे काढलेत? ठोकळ्यांसारखे, कोपरे काढून, एकावर एक रचलेले. अभ्यासक त्याला त्या काळचा संकेत म्हणतात आणि ते बरोबरच असेल. पण वाघोरा नदीच्या काठानं लेण्यांकडे चालत जाताना बेसाल्टचा कडा ठोकळ्या-ठोकळ्यांनी तुटलेला दिसतो आणि त्या चित्रकारांनी संकेताबरोबर समोरचा कडाही पाहिला असणार, असं मला मनापासून वाटतं.

त्यांचे रंग पाहा. तांबडी माती, पिवळी माती, दिव्याची काजळी, पांढऱ्यासाठी चुन्यासारखे पदार्थ, आणि हिरवा तर याच बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये सापडणाऱ्या हिरव्या खनिजाचा. सगळं हाताशी असलेलं. फक्त निळा परका. लाजवर्दाचा दगड इथं होत नाही. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून, व्यापाऱ्यांच्या हातून आलेला. सगळी भिंत जवळच्या मातीची आणि त्यात लांबून आलेला एक निळा. मी मुलांना चित्रातली कल्पना समजावताना हेच प्रमाण सांगते. निळा किती घालायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण भिंत इथल्या मातीची हवी.

माळवदाचं मात्र वेगळं आहे, आणि ते लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

चित्रकाराला माळवद फार देखणं वाटतं. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर पांढरीच्या मातीचा जाड थर, पावसाळ्यानंतर त्यावर उगवलेलं गवत, मध्ये सानं, म्हणजे उजेडासाठी छताला ठेवलेलं भोक, साण्यातून घरात पडलेला उजेडाचा खांब. कुठलीही रेघ सरळ नाही, कुठलाही रंग भडक नाही. मी अशी घरं खूप काढली. एकदा औसा तालुक्यात नातेवाइकांकडे गेले होते, तिथं एका जुन्या गढीच्या पायथ्याचं पडकं माळवद काढत बसले. पुनर्वसित गावातली एक म्हातारी बाई जवळ येऊन बसली. चित्र बघितलं आणि म्हणाली, "छान काढलंय माय. पर हे कशाला काढतीस?"

पुढे तिला काही सांगावं लागलं नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर भागात जमीन हलली आणि हजारो माणसं गेली. माणसं मारली ती मुख्यतः याच भिंतींनी आणि याच छतांनी. दगड मातीत बसवलेले, एकमेकांत नीट न बांधलेले, आणि डोक्यावर कित्येक टनांची माती. त्या बाईच्या लेखी माझ्या चित्रातला तो मऊ, सुंदर, पिवळसर पांढरा थर म्हणजे काय होता?

तिच्याशी बोलून मी नव्या गावात गेले. सरळ रस्ते, एकासारखी एक घरं. जुन्या गावासारखा एकही बोळ नाही. अशा जागी चित्रकाराला काही मिळत नाही, असं आम्ही चटकन म्हणून टाकतो. मी तिथं बसले आणि पाहत राहिले. तीस वर्षांत लोकांनी त्या सारख्या घरांना आपापलं केलेलं होतं. कुणी पुढं पत्र्याचा सोपा काढलाय, कुणी हिरवा रंग दिलाय, कुणी तुळशीवृंदावन थेट रस्त्यापर्यंत आणलंय. आणि लावलेली लिंबं आता घरांपेक्षा उंच झालीत. ती सरळ रस्त्याची चित्रं मी जपून ठेवली आहेत. सुंदर दिसण्यासाठी त्यात मी काही वाकडं केलं नाही. हलक्या छतांच्या, सरळ भिंतींच्या त्या घरांत माणसं निर्धास्त झोपतात, हे चित्र पाहणाऱ्याला कळावं इतकीच माझी धडपड होती, आणि त्यासाठी मी सकाळचं, दारं उघडायच्या आधीचं ऊन निवडलं.

आता नदी.

मांजरा ही आमची नदी. पाटोद्याच्या बाजूला बालाघाटात उगवते आणि धनेगावच्या धरणाला येते. एप्रिल-मेमध्ये तिच्या पात्रात मी अनेकदा बसते, कारण झाडी तिथंच टिकून असते. पात्र मात्र कोरडं. वाळू, गोटे, मध्ये कुणीतरी उकरलेला झिरा आणि त्याच्या तळाशी वाटीनं भरून घ्यावं इतकं पाणी. चित्र काढायला बसलं की मोह होतोच. खालचा रिकामा पांढरट पट्टा एका निळ्या हातानं भरता येतो. त्यात करंजाची आणि उंबराची प्रतिबिंबं सोडली की चित्र विकलं जाईल असं होतं. प्रदर्शनात लोक पाण्यापाशीच थांबतात. एका गृहस्थांनी तर कोरड्या नदीचंच चित्र घ्यायचं म्हणून पसंत केलं आणि मला विचारलं, "यात थोडं पाणी घालून द्याल का?"

मी नाही घातलं. बाभूळ हलवणारी, तारा गाळणारी, सकाळच्या साडेदहाला संध्याकाळ करणारी मी, पाण्याला का अडले, असं त्यांनी विचारलं आणि तो प्रश्न रास्त होता. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीनं लातूरला पाणी आणावं लागलं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण तेव्हा आटलेलं होतं. घागरींच्या रांगा, टँकरमागं धावणारी पोरं, रात्री दोनला नळाला आलेलं पाणी भरायला उठलेल्या बाया, हे सगळं ज्या नदीच्या आटण्यामुळे झालं, तिच्या पात्रात मी रंगाच्या पेल्यातलं पाणी घेऊन बसलेली असते. तिथं निळा हात मारणं मला जमत नाही. बाभूळ सरकवून मी त्या रानाबद्दल खोटं सांगत नाही, रान जसं वाटतं तसं सांगते. एप्रिलच्या मांजरेत पाणी घातलं तर नदीबद्दलची मुख्य गोष्टच पुसली जाते.

पण कोरडी नदी काढायलाही कल्पना लागतेच, आणि माझ्या मते जास्त लागते. नुसता वाळूचा पट्टा काढला तर तो रस्ता दिसतो. ती नदी आहे हे पाण्याशिवाय कसं दाखवायचं? मी शोधायला लागले तेव्हा काठच्या बाभळीत डोक्याच्याही वर काहीतरी अडकलेलं दिसलं. वाळकं गवत, पऱ्हाटीच्या काड्या, प्लास्टिकची फाटकी पिशवी, एक चपलेचा पट्टा, सगळं एकाच दिशेला विंचरल्यासारखं ओढलेलं आणि फांदीला गुंडाळलेलं. पूर येऊन गेला तेव्हा पाणी तिथपर्यंत होतं. पलीकडच्या पुलाच्या खांबावर त्याच उंचीला मातकट रेघ होती. मी तो कचरा अगदी निगुतीनं काढला, प्रत्येक काडीचा कल सांभाळून, आणि खांबावरची रेघ थोडी ठसठशीत केली. बाकी पात्र मोकळं, कागदाचा पांढरा तसाच ठेवलेला, त्यावर यलो ऑकरचा पातळ हात. आता चित्रात पाणी कुठंच नाही, पण बघणाऱ्याची नजर त्या दोन खुणा जोडते आणि त्याला कळतं, की मी उभा आहे ते पाण्याच्या तळाशी. ते गृहस्थ हे चित्र परत बघायला आले तेव्हा बराच वेळ उभे राहिले. घेतलं नाही. माझ्या घरीच आहे.

तात्यांचं राहिलं. करडईचं चित्र मी त्यांना फ्रेम करून दिलं. ते त्यांनी घरात लावलं, सरकलेल्या बांधासकट. काही महिन्यांनी फोन आला. म्हणाले, "बाई, विहिरीजवळ आमचा आंबा होता. बापानं लावलेला. एका दुष्काळात वाळला, मग तोडावा लागला. तेवढा काढून द्या."

मी विचारात पडले. नसलेलं पाणी घालायला मी नकार दिला होता, आणि हे नसलेलं झाड. पण हे झाड त्या जागेला ठाऊक होतं. मी शेतावर गेले. विहिरीपासून काही पावलांवर जमिनीत एक खोलगट वर्तुळ आहे, तिथं ज्वारी इतर रानापेक्षा अजून थोडी वेगळी येते. तात्या त्या वर्तुळात उभे राहिले आणि हात पसरून सांगू लागले. दुपारी सावली विहिरीच्या कठड्यापर्यंत यायची. उगवतीची फांदी इतकी खाली होती की बैल मान वर करून पाला ओढायचे. मावळतीच्या अंगाला वीज पडली होती, तिकडून झाड उघडं. कैरी लांबट, देठाशी लालसर, खाराला चांगली. मी विचारत गेले, ते सांगत गेले, आणि मी तिथंच बसून पेन्सिलीनं झाड उभं करत गेले. त्यांच्या घरच्या आतून चहा घेऊन आल्या, त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "झोका कुठाय?" मग झोक्याची फांदी कुठली यावरून दोघांत बराच वाद झाला. शेवटी घरच्यांचं खरं ठरलं. झोका त्यांनी बांधलेला होता.

खोड रंगवत होते तेव्हा तात्या परत मागं येऊन उभे राहिले.

"अजून जाड करा," म्हणाले. "माझ्या कवेत येत नव्हतं."

मी बर्न्ट सिएना भरून घेतला आणि खोड वाढवलं.

"अजून."